‘त्यांच्याशी व्यवहार बंद’ असा मेसेज गावात फिरतोय आणि शिमगा तोंडावर आलाय. मी एकट्याने काय करावं?

नावं-गावं न लिहिता प्रश्न मांडलात, ते बरं केलंत. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. दापोली-गुहागर पट्ट्यातलं खाडीकाठचं गाव. जानेवारीत ओव्हरआर्म क्रिकेटच्या सामन्यात वाडीतली आणि मोहल्ल्यातली पोरं भिडली, एकाच्या डोक्याला टाके पडले. त्याच रात्री कुणी स्टेटस ठेवलं, दुसऱ्याने त्याचा स्क्रीनशॉट फिरवला, आणि तेव्हापासून गावाच्या ग्रुपवर ‘त्यांच्याकडून मासळी घेऊ नका, त्यांच्या रिक्षात बसू नका’ असं कुणी ना कुणी रोज टाकतंय. तुमच्या वडिलांचे शाळेपासूनचे दोस्त, ज्यांना तुम्ही चाचा म्हणता, ते ओटीवर यायचे बंद झाले. तुम्ही ग्रुपवर ‘हे बरोबर नाही’ एवढंच लिहिलंत, तर मित्रांनी गद्दार ठरवलं. शिमग्याची पालखी मोहल्ल्यावरून जाते आणि यंदा रमजानही त्याच दिवसांत आलाय. तुम्हाला फेसबुकवर मोठी पोस्ट लिहायची आहे, जमलं तर एकता रॅली काढायची आहे. आणि शेवटी विचारलंय, प्रेमाने द्वेष जिंकता येतो हे खरं का?

शेवटच्या प्रश्नावर मी काही बोलणार नाही, तो कीर्तनकारांचा प्रांत. मी वकील आहे. तालुक्याच्या कोर्टात हयात गेली, मध्यस्थीची कामं पुष्कळ केली, पोलीस ठाण्याच्या शांतता समितीवर बसले, आणि १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावोगावच्या समित्यांबरोबर फिरले. तेव्हा मी सांगते ते भांडणं मिटवणाऱ्या बाईच्या हिशेबाने घ्या.

आधी गुंता सोडवू. तुम्ही याला हिंदू-मुसलमानांचं भांडण म्हणताय. मला त्यात तीन भांडणं दिसतात. पहिलं मैदानावरच्या मारामारीचं, जी कुणीच मिटवली नाही. दुसरं त्या बंदीच्या मेसेजचं. त्यामागे ना ग्रामसभेचा ठराव, ना गावकीचा. कुणी उठून ‘नको’ म्हटलं नाही, म्हणून तो निर्णय वाटायला लागलाय. तिसरं पालखीचं, जे अजून झालेलंच नाही, नुसती भीती आहे. तिन्हींना एकच नाव दिलं की हात कुठून घालावा तेच कळत नाही आणि माणूस पोस्ट लिहायला बसतो. सुटी केली की प्रत्येक भांडणात चार-दोन माणसं सापडतात, ज्यांच्या घरी जाऊन बोलता येतं.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुमच्या प्रश्नात नाहीत. मारामारीची फिर्याद झाली का, झाली तर एकीकडून की दोन्हीकडून? मोहल्ला केवढा? दहा घरांचा मोहल्ला घाबरलेला असतो, शंभर घरांचा चिडलेला. दोघांशी बोलायची रीत वेगळी. बाहेरून कुणी संघटनेची माणसं येऊन गेली का? आणि तुम्ही स्वतः गावात राहता की मुंबईत? उत्तरं तुमची तुम्हाला माहीत आहेत. त्याप्रमाणे पुढचं कमीजास्त करून घ्या.

मुंबईचं मुद्दाम विचारलं. गावाचा ग्रुप उघडा आणि बंदीचे मेसेज टाकणारे नंबर कुणाचे आहेत ते बघा. माझ्या पाहण्यात, निम्म्याहून जास्त वेळा ते नालासोपारा, दिवा, भांडुपकडचे चाकरमानी निघतात. मोहल्ल्याच्या ग्रुपवर हेच काम कुवेत नाहीतर दोह्याला बसलेला कुणी करत असतो. दोघांचाही गावावर जीव आहे, ते मी नाकारत नाही. पण सकाळी जेट्टीवर त्यांना उभं राहायचं नसतं, रात्री-अपरात्री गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला रिक्षा त्यांना शोधायची नसते. बोलतात ते, भोगतात गावातले. म्हणून पहिलं काम हे करा की गावात राहणाऱ्यांचं मत आणि ग्रुपवरचं मत यांची गल्लत थांबवा. गावातल्या दहा घरी बसून विचारा, ‘खरंच बंद करायचं का?’ बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, ‘आपलं काय नाय, पण लोक म्हणतात.’ ते लोक कोण, हे विचारल्यावर कुणालाच धड सांगता येत नाही.

आता पोस्ट आणि रॅली. दोन्ही आत्ता करू नका. मला एकतेचा कंटाळा आहे म्हणून सांगत नाही. केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे, ज्यांना शिवाजी महाराजांनी मान दिला. रत्नागिरीजवळ हातिसला पीर बाबरशेखच्या उरुसासाठी हिंदू गावकरीच राबतात. हे सगळं खरं आहे आणि तुमच्या पोस्टमध्ये ते येणार, हे मला न वाचता दिसतंय. पण डोकी तापलेली असताना तुम्ही दोन दाखले दिलेत की समोरचा उलट बाजूचे चार काढतो, त्याला तुम्ही आणखी दोन देता, आणि इतिहासाची पैज लागते. त्या पैजेत टाके पडलेला पोरगा कुठेच नसतो. रॅलीचंही तसंच. तालुक्याहून पाहुणे येतात, दोन टोप्या आणि एक फेटा शेजारीशेजारी उभे राहून फोटो काढतात, आणि संध्याकाळी रिक्षा तशाच रिकाम्या उभ्या. त्यात आणखी एक धोका: रॅलीला कोण आलं नाही याची यादी तयार होते, आणि कुंपणावरची माणसं विनाकारण पलीकडे ढकलली जातात. तुम्हाला हवी आहेत ती नेमकी हीच कुंपणावरची माणसं. कट्टर दोन्हीकडे मूठभर असतात. गाव गप्प बसलेल्यांचं असतं.

मग करायचं काय? मारामारीपासून सुरुवात करा. बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

टाके पडलेल्या पोराच्या घरी समोरच्या बाजूचं कुणी गेलं का? माझा अंदाज, नाही. दोन्हीकडच्या थोरांना वाटतं, आपण गेलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल. अशा वेळी मी दोघांना एकत्र बसवायची घाई करत नाही. आधी वेगवेगळं भेटते, त्यांच्या घरी. पहिला हात कुणी उचलला हे विचारतच नाही, कारण त्याला दोन उत्तरं असतात आणि दोन्ही पाठ झालेली असतात. दवाखान्याचा खर्च कुणी केला, पोरगा कॉलेजला परत जायला लागला का, आणि त्या दिवसापासून तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलं, एवढं विचारते. शेवटच्या प्रश्नाला मारामारी हे उत्तर क्वचितच येतं. अशाच एका गावात मार खाल्लेल्या पोराची आई मला म्हणाली, ‘टाके पडले ते पडले. पन ती मला बघून विहिरीवरनं कळशी उचलून चालती झाली. वीस वर्षं आम्ही एकत्र पानी भरतो.’ समोरच्या घरी त्या बाईला विचारलं, तर ती पदराचं टोक चाळवत म्हणाली, ‘काय तोंडाने बोलू ओ? माझ्या पोराने त्यांच्या पोराला मारलान.’ ती लाजेने निघून गेली होती आणि हिला तो माज वाटला होता. हे एकीचं दुसरीला सांगायला मी होते, एवढंच माझं काम. त्या दोघी पुढे जे बोलल्या त्यात वकिलाची गरज नव्हती. मात्र तिथवर जायला दोन्ही घरांत चहा बरेच प्यावे लागले, आणि तो चहा टाळता येत नाही.

तुम्ही स्वतः मध्यस्थ होऊ नका. तुमचं वय, तुमची वाडी आणि आता तुमच्यावर बसलेला शिक्का, तिन्ही आड येतील. दोन्ही घरांत ज्यांचा शब्द चालतो अशी माणसं शोधा: निवृत्त मुख्याध्यापक, आरोग्य केंद्रातल्या जुन्या नर्सबाई, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गावातल्या, वस्तीतल्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीची कल्पना मांडली आहे आणि त्यात तीन मध्यस्थांचं पॅनेल सांगितलं आहे. तीन हा आकडा मला अनुभवानेही पटतो. एकटा असला तर ‘त्यांचा माणूस’ ठरतो, दोघे असले तर दोन बाजू पडतात. तिघांत एक बाई असू दे. ही माणसं जमवायची पळापळ तुमची.

पोरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी आणि तुमच्या भागात ती चटकन पटते. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), हे मार खाणाऱ्याच्या संमतीने मिटवता येतं. बॅट किंवा स्टंप हत्यार म्हणून वापरला असं आलं की कलम जड होतं. आणि धर्मावरून वैर वाढवणारा मजकूर पसरवला म्हणून कलम १९६ लागलं, तर तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि ते तुम्ही दोघांनी चहा पिऊन मिटत नाही. गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, तिथेही हमी नाही. तुमच्याकडची निम्मी पोरं बोटीवर नाहीतर आखातात जायच्या तयारीत असणार. खटला प्रलंबित असला की पासपोर्टला अडचण, पोलिसांच्या चारित्र्य दाखल्यालाही अडचण. ज्याने स्टेटस ठेवलं आणि ज्याने स्क्रीनशॉट फिरवला, दोघांच्या बापांना हे कळू द्या. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून. बापाला कळलं की पोराच्या मोबाईलवरचा मजकूर त्याच रात्री उतरतो, असा अनुभव आहे.

आता बंदीचा मेसेज. तो जेट्टीवर उभं राहून वाचा. होडी एकाची, ती चालवणारा तांडेल दुसरा, खलाशी तिसऱ्याच गावचे; बर्फ मोहल्ल्यातल्या कारखान्यातला, लिलावात बोली लावणाऱ्या बायका वाडीतल्या, माल दापोलीच्या बाजारात नेणारा टेंपो पुन्हा मोहल्ल्यातला. यात ‘त्यांची मासळी’ नेमकी कुठून सुरू होते? आंब्याचंही तेच. मोहल्ल्यातल्या कितीतरी बागा, मालक परदेशात म्हणून, वाडीतल्या माणसांनी कराराने घेतलेल्या असतात. फवारण्या झाल्यात, औषधाची उधारी आहे, काढणी तोंडावर आलीय. व्यवहार खरोखर बंद झाला तर पहिला फटका वाडीतल्याच कुणाला बसेल, त्याचं नाव शोधा. तो माणूस आत्ता गप्प आहे, पण त्याला बोलायला कारण आहे, आणि त्याचं बोलणं कुणी ‘पुळका’ म्हणून उडवून लावू शकत नाही.

आणि ग्रुपवर ज्याबद्दल कुणी लिहीत नाही ते सांगते. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांवर मासे धरणाऱ्यांनी किनाऱ्यालगतची मासळी ओढून नेली, ही तक्रार पारंपरिक मच्छीमार मोहल्ल्यातही करतो आणि कोळीवाड्यातही, एकाच भाषेत. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी दोघांच्या चुलीवर सारखीच येते, डिझेल परतावा दोघांचा एकाच सोसायटीतून अडतो. सोसायटी फुटली तर फायदा कुणाचा, हे तिथल्या म्हाताऱ्या तांडेलांना मी सांगायची गरज नाही. कोकणात हे नवं नाही. अलिबागजवळच्या चरीला १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांची शेतं पेरली नाहीत, नारायण नागू पाटलांच्या मागे ती माणसं उभी राहिली. पोटाचा प्रश्न एक होता म्हणून एवढी वर्षं निभावलं.

तुम्ही काय कराल? बाजारात जा आणि मासळी घ्या. नेहमीच्या वेळेला, ज्यांच्याकडून घेत होतात त्यांच्याकडूनच. फोटो नको, स्टेटस नको. घासाघीस मात्र करा. दया म्हणून जादा पैसे टेकवलेत तर समोरच्यालाही कळतं आणि ते अपमानासारखं लागतं. रिक्षातही तसंच, नेहमीसारखं बसा आणि नेहमीसारखं भाडं जास्त सांगितलं म्हणून कुरकुरा. हे दोन आठवडे दिसत राहिलं की आणखी दोघं-चौघं येतात, कारण त्यांनाही बांगडा चार मैलांवरून आणायचा कंटाळा आलेला असतो. वडिलांनाही हेच सांगा. चाचा ओटीवर येत नाहीत म्हणून वडील वाट बघत असतील, तर चाचाही ‘मला बोलवतील का’ याचीच वाट बघत असतील. वडिलांनी त्यांच्या घरी जावं, एकट्याने, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तुम्ही बरोबर जाऊ नका. म्हाताऱ्या दोस्तांच्या बोलण्यात तरुण पोराचं काही काम नसतं.

तुम्हाला गद्दार म्हटलं, त्याचं वाईट वाटलंय, ते प्रश्नात दिसतंय. मला मात्र त्यात एक चांगली गोष्ट दिसते: तसं म्हणणारे तुमचे मित्र आहेत. म्हणजे ते तुम्हाला अजून आपला धरतात, परक्याला कुणी गद्दार म्हणत नाही. इतकी वर्षं हे काम करून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या माणसाला फक्त आपल्यातलाच माणूस आवरू शकतो. मोहल्ल्यातल्या तापट पोरांना समजवायला तुम्ही जाऊ नका. ते काम जमातीतल्या थोरांचं आणि तिथल्या तुमच्यासारख्याच एखाद्या पोराचं. तुम्ही वाडीतल्या पोरांना धरा. एकेकट्याला, क्रिकेटनंतर किंवा गाडीवरून जाता-येता. ग्रुपवर कधीही नाही, कारण तिथे प्रत्येकजण बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून बोलतो, आणि बोलल्यावर मागे येता येत नाही.

बोलताना त्यांची तक्रार मोडून काढू नका. मैदानावर समोरून आईवरून शिवी आली असेल, देवाबद्दल वाकडं बोललं गेलं असेल, तर ‘तसं काही नव्हतं’ म्हणू नका. होतं तर होतं. ‘तो बोलला ते चुकीचंच, त्याचं त्याच्या जमातीत सांगू. पण त्याच्या चुलत्याने काय केलं? चुलत्याची रिक्षा तू का बंद करतोस?’ इथे बहुतेक पोरं थांबतात. एकाची चूक सगळ्यांच्या माथी मारायची, या एका सांध्यावर सगळा द्वेष चालतो. तो सांधा सुटा करा आणि बाकीचं सोडून द्या. त्यांना मोहल्ल्याबद्दल प्रेम वाटायला लागावं असली अपेक्षा ठेवू नका. उद्यापासून त्यांनी रिक्षाला हात केला, तेवढं पुरे.

एकट्याचं काय चालतं, असं तुम्हाला वाटेल तेव्हा महाड आठवा. हे ग्रुपवर टाकायला सांगत नाही, तुमच्यापुरतं सांगते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता आणि तो तीन वर्षं कागदावर पडून होता. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी त्या तळ्याचं पाणी घेतलं, आणि त्याच दिवशी गावात त्यांच्यावर हल्ले झाले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची, तर सवर्णांपैकी कुणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे ब्राह्मण होते. सुरबानाना टिपणीस तिथले नगराध्यक्ष, तेही बरोबर होते. लढा दलितांचा, त्यांनीच लढला, ते श्रेय दुसऱ्या कुणाला द्यायचं कारण नाही. पण या तिघांकडे मी वकिलाच्या नजरेने बघते तेव्हा जाणवतं की प्रत्येकाने स्वतःच्या हातात जे होतं तेवढं दिलं: एकाने जमीन, एकाने ठरावाला आवाज, एकाने खुर्चीचं वजन. आणि सहस्रबुद्धे, टिपणीस यांना स्वतःच्या समाजाचा रोष घ्यावा लागला. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. शिमग्याच्या आत सगळं सरळ व्हावं असं तुम्हाला वाटतंय, म्हणून ही तारीख सांगितली.

जाता जाता बायकांबद्दल. शांतता समितीच्या बैठकीला मी गेले की बहुतेक वेळा खोलीत मी एकटीच बाई असते. पण गावात वाडी आणि मोहल्ला यांच्यात रोजची ये-जा कुणाची असते? बचत गटातल्या बायकांची, अंगणवाडीतल्या आयांची, मासळी विकणारणींची, आशाताईंची. पुरुषांनी ‘बंद’ म्हटल्यावरही आमरस-फणसपोळीची ऑर्डर पूर्ण करायला दोन्हीकडच्या बायका एका पडवीत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तुमच्या आईला नाहीतर वहिनीला विचारा, गटाची या महिन्याची बैठक झाली का. झाली असेल तर तुम्ही समजता त्यापेक्षा गाव बरंच शाबूत आहे.

इथवरचं थोडक्यात: पोस्ट आणि रॅली थांबवा, मारामारीच्या दोन घरांपासून सुरू करा, मासळी आणि रिक्षा नेहमीसारखी चालू ठेवा, आपल्या वाडीतल्या पोरांशी एकेकटं बोला. आता पालखी, कारण तिथे तारीख ठरलेली आहे.

सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होईल. तिला दोन्हीकडच्यांनी जावं, पण भिस्त तिच्यावर ठेवू नये. तिथे साहेबांसमोर सगळे ‘आम्ही भाऊ-भाऊ’ म्हणतात, वडापाव खातात आणि निघतात. खरी बैठक त्याआधी गावातच, गावकीतले मानकरी आणि जमातीचे कारभारी मिळून सात-आठ माणसांची. विषय तीनच ठेवा: वाट, वेळ आणि आवाज. वाट जुनी असेल ती बदलू नका, नवीनही काढू नका. जुनी कोणती यावर वाद असेल तर दोन्हीकडच्या सत्तरी ओलांडलेल्यांना विचारा. वेळेचं सोपं आहे. रमजानात इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर तरावीहची जादा नमाज चालते. पालखी मोहल्ल्याशी तासभर आधी किंवा नंतर पोहोचली तर दोघांचंही काही अडत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे ही गाठ चार-दोन वर्षांपुरतीच आहे, कायमचं कुणी काही सोडत नाहीये, हेही बैठकीत बोलून दाखवा. आवाजाचा नियम २००० सालचा आहे आणि तो दोन्हीकडे सारखाच लागतो: रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. पालखीला ढोल-ताशा शोभतो. डीजे आला की पालखीला खांदे द्यायला माणसं राहत नाहीत, सगळी डीजेपुढे. हे माझं वैयक्तिक मत, पण बहुतेक मानकऱ्यांचंही तेच असतं, पोरांपुढे बोलत नाहीत इतकंच.

त्याच बैठकीत ठरवा की वाडीची पोरं वाडीची माणसं सांभाळतील, मोहल्ल्याची पोरं मोहल्ल्याची. पिऊन आलेला पालखीच्या पुढे नसेल. तालुक्याहून घोषणा द्यायला पाहुणे आले तर त्यांना ‘आमच्या ग्रामदेवतेची पालखी आहे, घोषणा आमच्याच होतील’ असं मानकऱ्यानेच सांगावं. हे सगळं कागदावर, सह्यांसकट, एक प्रत ठाण्यात.

आणि बोलावणं. तुम्ही लिहिलंय की मोहल्ल्यातल्या एका घराचा नारळाचा मान आहे. कोकणात पालख्या मानपानावरून अडतात, आणि ती भांडणं बहुतेक वेळा हिंदूंची हिंदूंशीच, भावकी-भावकीची असतात. जमावबंदी लावून पालखीवर पोलीस बसवायची पाळी आलेली गावं मला माहीत आहेत. तेव्हा त्या घराला ग्रुपवरून किंवा फोनवरून सांगू नका. दरवर्षी जो मानकरी जातो त्यानेच जावं, पायी, आणि उंबऱ्यात उभं राहून सांगावं. मागे एका गावात नारळ आला नाही म्हणून वातावरण तापलं होतं. मी विचारलं तर त्या घरचे म्हणाले, ‘औंदा बोलावणं चिठीवर आलं. आम्ही काय पोस्टाने नारळ धाडायचा?’ बोलावणं नीट गेलं, नारळ आला. देवापुढे गाऱ्हाणं घालताना गुरव सगळ्या गावाची राखण मागतो, मोहल्ला वगळून मागत नाही; हे आठवण करून द्यायचं असेल तर मानकऱ्याला आठवण करून द्या, तोच ते पुढे नेईल.

आता दुसरी बाजू, कारण सगळं समजुतीने होत नाही. उघड मारण्याची धमकी, दुकान-होडीची मोडतोड, धर्मस्थळावर काही फेकणं, बायकांना त्रास, यात मध्यस्थी करायची नाही. ११२ ला फोन, मग लेखी फिर्याद. असल्या गोष्टी ‘गावातच मिटवू’ म्हणून दाबल्या की ज्याने केलं त्याला बळ येतं आणि ज्याचं गेलं तो गावावरचा भरवसा सोडतो. मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि नंबर दिसेल असे ठेवा, मूळ मेसेज मोबाईलमधून पुसू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन नसला की तिथे अडतं.

बहिष्काराचा कायदा आहे का, असंही विचारलंय. आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो मुळात जातपंचायत आणि गावकी आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकते, त्यासाठी केलेला आहे. रायगडातली वाळीत प्रकरणं त्याच्या मागे होती. वाडीने मोहल्ल्यावर घातलेल्या बंदीला तो सरळ बसवणं अवघड आहे, तिथे कलम १९६ चा विचार करावा लागतो. मात्र तुम्ही मोहल्ल्याकडून मासळी घेतलीत म्हणून तुमच्याच गावकीने तुमच्या घरावर दंड लावला, लग्नकार्याला यायचं बंद केलं, पालखी तुमच्या दारी थांबवली नाही, तर मात्र तो कायदा नेमका तुमच्यासाठी आहे. गावकीतल्या कारभाऱ्यांना हे आधीच शांतपणे सांगून ठेवा. दंडाचं नुसतं नाव काढलं तरी पुष्कळदा ठराव बारगळतो.

शिमग्याला फार दिवस उरलेले नाहीत, तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा: तिघांची नावं पक्की करा आणि मारामारीची फिर्याद नोंदली आहे का ते ठाण्यात जाऊन विचारा. नोंदली असेल तर यापुढे इथे काहीही लिहू नका, गावातलं कुणीही ओळखू येईल असा तपशील तर नाहीच. तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्या आवारातच तिचं कार्यालय असतं. सल्ल्याला पैसे पडत नाहीत. जाताना टाके पडलेल्या पोराचे दवाखान्याचे कागद आणि दोन्ही स्क्रीनशॉट बरोबर न्या.